विश्लेषण : ‘झॉम्बी’ हे गाणं भुताचं नाही, मग कुणाचं? गाजलेल्या रॉक गाण्याचा अर्थ आणि त्याचं सोलापूरशी जुळणारं नातं

जानेवारी म्हणजे सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा, गड्ड्यावरची गर्दी आणि कॉलेजांच्या गॅदरिंगचे दिवस. गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन पोरांचा बँड स्टेजवर आला, की एक इंग्रजी गाणं हमखास ऐकू येतं. आयर्लंडच्या ‘द क्रॅनबेरीज’ या बँडचं ‘झॉम्बी’. ई मायनर, सी, जी आणि डी या चार कॉर्ड्‌सवर ते बसतं, त्यामुळे गिटार नव्यानं शिकणाऱ्यालाही लवकर जमतं. ध्रुपद आलं की हॉलमधला प्रत्येक जण ओरडून साथ देतो. रील्सवर, हॅलोविनच्या पोस्टवर, भुताच्या मीम्सवरही तेच गाणं लावलेलं दिसतं.

पण या गाण्यात भूत नाही. त्यामागे ३ वर्षांचा आणि १२ वर्षांचा, अशा दोन मुलांचा मृत्यू आहे. गाण्यातला आवाज नेमका कुणाचा, त्यात १९१६ हे साल कुठून आलं, आणि याच जातीचं एक गाणं सोलापूरच्या कवीनं कितीतरी आधी कसं लिहून ठेवलं होतं, हे समजून घेऊ.

गाणं कधी आणि कुणी लिहिलं?

‘द क्रॅनबेरीज’ हा आयर्लंडमधल्या लिमरिक शहराचा बँड. गायिका डोलोरेस ओ’रिऑर्डन, गिटारवर नोएल होगन, बेस गिटारवर त्याचा भाऊ माइक होगन आणि ड्रम्सवर फर्गल लॉलर. १९९३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, तेव्हा त्यांची ओळख हळुवार, स्वप्नाळू प्रेमगीतांची होती.

‘झॉम्बी’ने ही ओळख मोडली. गाणं डोलोरेसनं एकटीनं लिहिलं. सुरुवातीला ते साध्या अकूस्टिक गिटारवर होतं. बँडसोबत बसवताना मात्र तिला कर्कश गिटार आणि दणदणीत ड्रम्स हवे होते. सप्टेंबर १९९४ मध्ये ते ‘नो नीड टू आर्ग्यू’ या अल्बममधलं पहिलं गाणं म्हणून बाहेर आलं. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’च्या मॉडर्न रॉक यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. १९९५ मध्ये ‘एमटीव्ही युरोप’चा सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार त्याला मिळाला. एप्रिल २०२० मध्ये यूट्यूबवर त्याच्या व्हिडिओनं १०० कोटी व्ह्यूजचा टप्पा ओलांडला.

वॉरिंग्टनमध्ये काय घडलं होतं?

२० मार्च १९९३, शनिवार. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन या गावातल्या ब्रिज स्ट्रीटवर बाजाराची गर्दी होती. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधला ‘मदर्स डे’ होता. दुपारी रस्त्यावरच्या कचराकुंड्यांमध्ये ठेवलेले दोन बॉम्ब एकापाठोपाठ फुटले.

३ वर्षांचा जॉनाथन बॉल जागीच गेला. सांभाळणाऱ्या मुलीसोबत तो आईसाठी ‘मदर्स डे’चं कार्ड घ्यायला आला होता. १२ वर्षांचा टिम पॅरी गंभीर जखमी झाला आणि पाच दिवसांनी, २५ मार्चला त्याचा मृत्यू झाला. पन्नासहून अधिक लोक जखमी झाले.

बॉम्ब ‘आयआरए’नं, म्हणजे आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेनं ठेवले होते. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडायचं, हे तिचं उद्दिष्ट. या स्फोटासाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

क्रॅनबेरीज बँड तेव्हा इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. डोलोरेस होती २१ वर्षांची. आपल्या देशाच्या नावानं, परक्या गावात, दोन पोरं मारली गेली, ही गोष्ट तिच्या मनाला लागली. त्यातून ‘झॉम्बी’ लिहिलं गेलं, असं तिनं पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं.

गाण्यात १९१६ या सालाचा उल्लेख का आहे?

गाण्यात एकच साल येतं, १९१६. बहुतेक श्रोते ते ऐकून सोडून देतात. पण अर्थाची किल्ली तिथेच आहे.

२४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव झाला. तो सहा दिवस टिकला. त्यानंतर ब्रिटिशांनी म्होरक्यांना गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये लंडनला फाशी दिलेल्या रॉजर केसमेंटसह एकूण १६ जणांना मृत्युदंड झाला. उठावाच्या वेळी फारसा पाठिंबा न देणारी जनता या शिक्षांनंतर पेटून उठली. पुढे १९२१ चा करार झाला, आयर्लंडचा मोठा भाग स्वतंत्र झाला आणि उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. त्या सहा जिल्ह्यांवरून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत जो रक्तपात चालला, त्यात सुमारे ३,५०० माणसं मेली.

मराठी वाचकाला हे साल परकं वाटायला नको. डब्लिनमध्ये उठाव चालू होता त्याच आठवड्यात, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. ‘होमरूल’ हा शब्दच मुळात आयर्लंडच्या राजकारणातून आपल्याकडे आला.

आयरिश घराघरांत १९१६ हे हौतात्म्याचं साल. शाळेत शिकवलं जाणारं, भिंतींवर रंगवलेलं, गाण्यांतून गायलेलं. डोलोरेस तेच साल उचलते आणि त्याच्याकडे उलट बाजूनं पाहते. तेव्हापासून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा चालू आहे, अशी तिची तक्रार. १९१६ च्या नावाखाली १९९३ मध्ये कार्ड घ्यायला आलेलं पोर मारलं जातं, तेव्हा त्या वारशाचं काय झालं, असा प्रश्न गाणं विचारतं.

मग ‘झॉम्बी’ कोण?

झॉम्बी ही कल्पना हैतीच्या लोककथांमधली. मेलेलं शरीर, ज्याला स्वतःची इच्छा उरलेली नाही आणि जे दुसऱ्याच्या हुकमानं चालतं. हा शब्द गाण्यात कुणासाठी आला, यावर दोन मतं आहेत.

पहिलं मत सरळ आहे. जुन्या सुडाच्या हुकमावर चालणारे, समोरचं माणूस न दिसणारे मारेकरी म्हणजे झॉम्बी. लढाई रस्त्यावर आहे त्याहून जास्त त्यांच्या डोक्यात चालू आहे, असं गाणं सुचवतं. शस्त्रांची नावं ध्रुपदाच्या आधी एकामागून एक येतात, ती या डोक्यातल्या लढाईची.

दुसरं मत आपल्यालाही त्यात ओढतं. रोज बातम्यांत मृतांचा आकडा ऐकून चहा पिणारे, काहीच न वाटणारे लोक हेही झॉम्बीच. ‘तुझ्या डोक्यात काय चाललंय’ असा प्रश्न गाण्यात आहे, तो मारेकऱ्याला आहे तसा ऐकणाऱ्यालाही लागू पडतो.

याच जातीचा दुहेरी अर्थ आणखी एका ठिकाणी आहे. हे करणारे आपण नव्हे, आपल्या घरचेही नव्हेत, असा एक उद्गार गाण्यात येतो. डोलोरेसच्या बोलण्यातून दिसणारा अर्थ असा, की आयर्लंडच्या नावानं बॉम्ब ठेवणारे सगळ्या आयरिश माणसांचे प्रतिनिधी नाहीत. तेव्हा इंग्लंडमध्ये आयरिश बोली ऐकली की लोक संशयानं बघत, हे लक्षात घेतलं तर तो उद्गार सफाईसारखाही ऐकू येतो. काही श्रोत्यांना मात्र त्यात बेफिकीर माणसाचं बोलणं ऐकू येतं. मेलेलं मूल आपल्या घरचं नाही ना, मग आपल्याला काय त्याचं? शब्द तेच, पण बोलणारा बदलला की अर्थ फिरतो.

व्हिडिओ काय सांगतो?

व्हिडिओचा दिग्दर्शक सॅम्युअल बेयर. निर्वाणा बँडच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’चा व्हिडिओही त्याचाच. तो बेलफास्टला गेला आणि तिथे गस्त घालणारे खरे ब्रिटिश सैनिक, भिंतींवरची मोठी राजकीय चित्रं आणि गल्लीत लुटुपुटूची लढाई खेळणारी मुलं त्यानं टिपली. मधेमधे सोनेरी रंगात माखलेली डोलोरेस क्रूसासमोर उभी दिसते, भोवती रुपेरी रंगातली लहान मुलं. सैनिक आणि बंदुकांच्या दृश्यांमुळे बीबीसीनं आणि आयर्लंडच्या सरकारी वाहिनीनंही हा व्हिडिओ जसाच्या तसा दाखवणं टाळलं.

मुलांच्या हातातली खोटी बंदूक आणि सैनिकाच्या हातातली खरी बंदूक एकाच गल्लीत दिसते. डोक्यातली लढाई पुढच्या पिढीत कशी उतरते, हे व्हिडिओ न बोलता दाखवतो.

गाण्यातला आवाज कुणाचा?

गाण्याची सुरुवात बॉम्बनं होत नाही. आधी एक मूल जातं आणि मागे शांतता उरते. पुढच्या कडव्यात आई येते. अशा आया आधीही होऊन गेल्या, ही त्यातली आणखी एक, असं ते कडवं सुचवतं. राजकारणाचा शब्द येण्याआधी घरातलं दुःख येतं.

डोलोरेसचा आवाजही तसाच चालतो. कडव्यात ती जवळजवळ कुजबुजते आणि ध्रुपदात आवाज फाटतो, थरथरतो. आयर्लंडमध्ये मृताभोवती बसून बायकांनी गाऊन विलाप करण्याची जुनी रीत होती. तिला ‘कीनिंग’ म्हणत. ‘झॉम्बी’तला तो तुटणारा स्वर अनेकांना त्या विलापाची आठवण करून देतो. आपल्याकडे गावात मयताच्या अंगणात बायका गेलेल्याचं एकेक आठवून रडतात, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

सोलापूरचा यात काय संबंध?

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, लोकांनी शहराचा ताबा घेतला आणि ब्रिटिशांनी इथे मार्शल लॉ पुकारला. पोलिसांच्या हत्येचा ठपका ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. चार पुतळ्यांपाशी दर १२ जानेवारीला फुलं वाहिली जातात ती त्यांनाच.

याच सोलापूरचे कवी कुंजविहारी. ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ हे त्यांचं गाणं स्वातंत्र्य चळवळीत घरोघरी पोहोचलं. फाशीची शिक्षा झालेला तरुण त्यात आईशी बोलतो. रडू नकोस, मी पुन्हा तुझ्याच पोटी जन्माला येईन, असा धीर तो तिला देतो. नऊ महिने म्हणजे गर्भाचे नऊ महिने. सरळ, घरगुती हिशेब, आणि तोच ऐकणाऱ्याच्या काळजाला लागतो.

आता आयर्लंडकडे परत जाऊ. १९१६ च्या उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्स कवीही होता. ‘आई’ या अर्थाच्याच शीर्षकाची त्याची एक इंग्रजी कविता आहे. तिच्यात दोन मुलगे लढ्यात गमावलेली आई बोलते आणि त्यांच्या जाण्याबद्दल आपली कुरकुर नाही म्हणते. ३ मे १९१६ ला पिअर्सला गोळ्या घातल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या भावाला. कविता खरी झाली. पण आईचे शब्द त्यात मुलानं लिहिलेले होते.

तिन्ही रचना शेजारी ठेवल्या तर फरक उठून दिसतो. कुंजविहारींच्या गाण्यात मुलगा आईची समजूत घालतो. पिअर्सच्या कवितेत मुलगाच आईच्या तोंडून बोलतो. ‘झॉम्बी’त कुणी समजूत घालायला उरलेलंच नाही. तिथे फक्त आईचं दुःख आहे, आणि ज्याच्या नावानं मूल मारलं गेलं त्या ध्येयाला ती जाब विचारते.

ही तुलना गाण्यांची आहे, घटनांची नाही. सोलापूरच्या चौघांवर परकीय सत्तेनं लष्करी कायद्याच्या दहशतीनंतर खटला चालवून त्यांना फासावर चढवलं. वॉरिंग्टनची दोन मुलं बाजारात खरेदीला आली होती. या दोन गोष्टी एका मापानं मोजता येणार नाहीत. हौतात्म्याच्या गाण्यावर वाढलेल्या समाजात ‘झॉम्बी’सारखं गाणं म्हणायला काय लागलं असेल, ते मात्र यातून कळतं. आपल्याकडे १२ जानेवारीला मान खाली घालणाऱ्या माणसाला ते लवकर कळेल.

या गाण्यावर आक्षेप काय आहेत?

गाणं एकतर्फी आहे, हा मोठा आक्षेप. बॉम्ब फक्त आयआरएनं ठेवले नाहीत. ब्रिटननिष्ठ सशस्त्र टोळ्यांनीही शेकडो माणसं मारली. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर केलेल्या गोळीबारात १३ जण जागीच गेले. यांतलं काही ‘झॉम्बी’त येत नाही. शिवाय १९१६ चा उल्लेख करून स्वातंत्र्याचा उठाव आणि बाजारातला बॉम्ब एकाच रांगेत बसवला, हेही अनेक आयरिश लोकांना खुपतं.

डोलोरेसची बाजू अशी होती, की गाणं कुणाच्या बाजूनं नाही, मेलेल्या मुलांसाठी आहे. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. गाणं इतिहासाचं पुस्तक नसतं. पण त्यात साल आलं, की इतिहास विचारला जाणारच.

हा वाद जुना झालेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅरिसला रग्बी विश्वचषकात आयर्लंडनं दक्षिण आफ्रिकेला १३-८ असं हरवलं आणि हजारो आयरिश प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये ‘झॉम्बी’ गायलं. विजयाच्या जल्लोषात हे गाणं शोभतं का, यावर आयर्लंडमध्ये बरीच चर्चा झाली. कुणाला त्यात एकजूट दिसली, कुणाला मेलेल्यांचा विसर.

साल बदललं तर अर्थ बदलतो का?

१५ जानेवारी २०१८ रोजी लंडनमध्ये डोलोरेसचा मृत्यू झाला. ती ४६ वर्षांची होती. ‘बॅड वुल्व्ज’ या अमेरिकी बँडनं ‘झॉम्बी’ नव्यानं बसवलं होतं आणि त्यात ती स्वतः गाणार होती. ती गेली, आणि काही दिवसांतच ते गाणं तिच्याविना प्रसिद्ध झालं. त्या बँडनं गाण्याची कमाई तिच्या मुलांना दिली.

त्यांनी शब्दांत बदल थोडेच केले. १९१६ च्या जागी २०१८ आलं आणि शस्त्रांच्या यादीत ड्रोन आले. एवढ्यानं गाणं आयर्लंडमधून निघून आजच्या कुठल्याही युद्धात जाऊन बसलं. ते जगभर पोहोचलं, हे खरं. पण आपल्या घरच्या हौतात्म्यालाच प्रश्न विचारण्याची जी धार १९१६ मध्ये होती, ती २०१८ म्हणताना उरत नाही. दूरच्या युद्धाला नावं ठेवणं तुलनेनं सोपं असतं.

गाण्याचा अर्थ लावायचा तर काय बघायचं?

‘झॉम्बी’च्या निमित्तानं कुठल्याही गाण्याला विचारता येतील असे चार साधे प्रश्न हाती येतात.

* बोलतंय कोण? गायक आणि गाण्यातलं पात्र एकच असेल असं नाही.
* कुणाशी बोलतंय? आईशी, शत्रूशी, की ऐकणाऱ्याशी?
* साल, गाव, माणसाचं नाव आलंय का? आलं असेल तर ते शोधून वाचा. मोबाइल हातातच आहे.
* लिहिणाऱ्यानं काय सांगितलं, आणि लोकांनी त्याचं काय केलं? दोन्ही वेगळं असू शकतं, आणि दोन्ही अर्थाचाच भाग आहेत.

हेच प्रश्न ‘भेटेन नऊ महिन्यांनी’लाही विचारून बघा. बोलणारा मुलगा आहे. ऐकणारी आई आहे. तिचं उत्तर मात्र गाण्यात नाही. ती काय म्हणाली असेल, हा विचार करताच ओळखीचं गाणं वेगळं ऐकू येऊ लागतं, आणि त्या मुलाविषयीचा आदर जराही कमी होत नाही.

वॉरिंग्टनमध्ये टिमच्या आई-वडिलांनी दोन्ही मुलांच्या नावानं शांततेचं काम करणारी संस्था उभी केली. १० एप्रिल १९९८ च्या करारानंतर उत्तर आयर्लंडमधला रक्तपात बराचसा थांबला. गाणं मात्र थांबलं नाही. पुढच्या गॅदरिंगला चार कॉर्ड्‌स वाजतील आणि हॉल पुन्हा ओरडेल. ओरडायला हरकत नाही, गाणं त्यासाठीच एवढं मोठ्या आवाजाचं आहे. फक्त ध्रुपदाच्या आधीचं कडवं एकदा नीट ऐका. त्यात कार्डाची वाट बघणारी एक आई आहे.